‘ये’ म्हणण्याआधी तीन प्रश्न

आम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बचत गटातल्या बाया. गड्ड्याची यात्रा जवळ आली, की आमच्या बैठकीत एक बोलणं ठरलेलं : “पोरगं अमेरिकेला गेलं, ते ग्रीन कार्ड मिळाल्यावर येतो म्हणतंय.”

आमच्यातल्या एकीचा लेक तर वडिलांच्या तेराव्यालाही आला नाही. तिनं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. मग आम्ही नीट चौकशी केली. जे कळलं, ते तुम्हांलाही सांगतो.

नोकरीच्या वाटेनं अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते. कुठल्याही एका देशाला त्यांतली साधारण ७ टक्केच. आपल्याकडचे अर्जदार फार, म्हणून रांग वर्षानुवर्षं हलत नाही. रांगेत असताना गावी येता येतं, पण आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे का? तिथं राहायची मुदत तिथंच वाढते. शिक्का मात्र बहुधा देशाबाहेर येऊन वकिलातीतूनच घ्यावा लागतो. आपल्याला त्यासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल गाठावं लागतं. मुलाखतीची तारीख लांबली, तर पोरगं इकडं आणि नोकरी तिकडं.

दुसरा, ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरलाय का? भरला नसेल, तर शिक्क्याचंच बघायचं.

तिसरा, अर्ज भरला असेल, तर मुलगा अजून ‘एच-वन-बी’ व्हिसावरच आहे का? असेल आणि त्याच मालकाकडे परतणार असेल, तर बाहेर पडल्यानं अर्ज बाद होत नाही. पण तो व्हिसा सोडून नुसत्या कामाच्या परवान्यावर असेल, तर परतीची आगाऊ परवानगी हातात पाहिजे. तिला ‘ॲडव्हान्स परोल’ म्हणतात. ती मिळण्याआधी देश सोडला, तर अर्जच सोडला असं धरतात आणि परत जायलाही वाट राहत नाही.

आमच्या मैत्रिणीचा लेक इथंच अडकला होता. घरात गंभीर आजारपण किंवा मृत्यू झाला, तर ही परवानगी तातडीनं मागता येते, हे ना त्याला ठाऊक, ना आम्हांला. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला लागतो. तो आपणच इथून लगेच पाठवायचा. परवानगी मिळेलच असं नाही, पण मागितली तर पाहिजे.

नियम बदलतात; तिकीट काढण्याआधी मुलानं तिथल्या वकिलाला विचारावं.

मैत्रिणींनो, पोरांवर रुसण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. आमच्या मैत्रिणीनं विचारले. आता रोज रात्री तिचा फोन वाजतो.