औषधाची किंमत आणि मुकादमाची उचल

बीड जिल्ह्यात कर्जाचे अनेक प्रकार नांदतात. सावकाराचे कर्ज, सोसायटीचे कर्ज, बचतगटाचे कर्ज ही सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जी लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांकडे निघतात, त्यांच्या संसारात 'उचल' या शब्दाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ही आगाऊ मजुरी मुलीच्या लग्नात जाते, घरावरच्या पत्र्यांत जाते, आणि घरात मोठे दुखणे शिरले की दवाखान्यात जाते. महागड्या औषधांचा भार रुग्णाने एकट्याने वाहू नये यासाठी निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या व्यवस्था उभ्या केल्या. आपल्याकडेही अशा व्यवस्था नाहीत असे नाही. तरीही शिरूर कासार किंवा पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर कर्करोगाचे निदान होते तेव्हा पहिली आठवण होते ती मुकादमाची. हे असे का व्हावे, याचा विचार करावयाचा तर आरंभ औषधाच्या किमतीपासूनच केला पाहिजे.

यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावर 'सोराफेनिब' नावाचे एक औषध आहे. 'नेक्साव्हर' या नावाने ते बायर कंपनी विकत असे, आणि त्याच्या महिनाभराच्या १२० गोळ्यांची किंमत २ लाख ८० हजार ४२८ रुपये होती. आता हा आकडा उसाच्या मापाने मोजून पाहू. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. त्यानंतरचा दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा पुढे आहे. या वाढीव दरानेही एका महिन्याच्या गोळ्यांसाठी साडेसातशे टनांहून अधिक ऊस तोडावा लागेल. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडते असे धरले, तर ही तोडणी वर्ष उलटल्यावरही पुरी होणार नाही. आणि हंगाम तर पाच-सहा महिन्यांचाच असतो. दोन हंगामांचे रक्त आटवूनही जे औषध एक महिना पुरत नाही, ते बाजारात आहे काय आणि नाही काय, सारखेच.

पण हीच १२० गोळ्यांची बाटली पुढे ८,८०० रुपयांना मिळू लागली. मुंबईच्या पेटंट कार्यालयातून ९ मार्च २०१२ रोजी त्या वेळचे पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला हे औषध बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. मूळ कंपनीला सहा टक्के स्वामित्वशुल्क द्यावे आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध विनामूल्य पुरवावे, अशा अटी त्याला होत्या. बायरने अपील केले. अपील मंडळाने शुल्क सात टक्के केले, पण परवाना कायम ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तोच निर्णय उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, सात टक्के शुल्क भरूनही नॅटकोला हे औषध पूर्वीच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास विकणे परवडले. औषधाची किंमत ही रसायनांची किंमत नसते, ती मक्तेदारीची किंमत असते, याचा याहून उघड पुरावा शोधावा लागू नये.

हा अधिकार आपल्या हाती कोठून आला, हे आजच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. ब्रिटिश अमदानीतला १९११ चा पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये आपल्या अहवालात त्याची सांगोपांग चिकित्सा केली आणि त्यातून १९७० चा कायदा आकारास आला. त्याचे मर्म थोडक्यात असे, की औषध या वस्तूवर पेटंट नाही. ते तयार करण्याच्या विशिष्ट प्रक्रियेवरच काय ते मिळेल, आणि तेही अल्पकाळ. दुसऱ्या मार्गाने तेच औषध बनविण्यास कोणी आडकाठी करू शकत नव्हते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्येच उभा राहिला होता. नव्या कायद्याने खासगी भारतीय कंपन्यांनाही बळ आले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ३५० डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य बाजारात त्याला दहा-पंधरा हजार डॉलर मोजावे लागत होते. आफ्रिकेतल्या लक्षावधी रुग्णांना हे औषध पुढे मिळू शकले त्याची मुळे १९७० च्या कायद्यात आहेत.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून आपल्याला वस्तूवरील वीस वर्षांचे पेटंट पुन्हा मान्य करावे लागले. मात्र संसदेने त्या वेळी कायद्यात '३ ड' हे कलम ठेवले. जुन्याच औषधाचे रूप किंचित पालटून नवे पेटंट मागता येणार नाही. त्याची गुणकारकता वाढली असल्याचे दाखवावे लागेल, असा त्याचा आशय आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील 'ग्लिव्हेक' या औषधाच्या बाबतीत नोव्हार्टिसने या कलमाला टक्कर दिली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. महिन्याला सुमारे सव्वा लाखाचे हे औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या, आणि देत राहिल्या.

या खटल्यात कंपनीचा एक युक्तिवाद वारंवार पुढे केला जात असे. भारतातल्या बहुतेक रुग्णांना आपण हे औषध फुकटच देतो, मग किमतीचा एवढा गवगवा कशासाठी? अशा मदतयोजना आहेत, त्यांच्या आधाराने अनेक माणसे जगली आहेत, आणि त्या चालविणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु दान आणि हक्क यांतला भेद विसरता येत नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीने चालते. कोण पात्र, किती दिवस, कोणत्या कागदपत्रांवर, हे सारे तोच ठरवितो. अलीकडे काही इंजेक्शने विकत घ्या म्हणजे पुढची विनामूल्य, अशा योजना प्रचलित आहेत. ज्याच्याजवळ पहिल्या इंजेक्शनांचे लाख-दोन लाख रुपये आहेत त्याला पुढची फुकट मिळतात. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला पहिलेही मिळत नाही. गरिबांसाठी म्हणून काढलेल्या योजनेचे हे रूप विचित्र म्हणावे लागेल.

सरकारने मनावर घेतले तर किमती उतरतात, याचीही उदाहरणे आहेत. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१९ च्या फेब्रुवारीत कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर रोखला. तेव्हा काही नाममुद्रांच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत खाली आल्या. हे अंतर कारखान्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतच्या मधल्या हातांत जिरत होते. २०२५ च्या सप्टेंबरात ३३ जीवरक्षक औषधांवरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आणला गेला. हेही स्वागतार्हच. परंतु सक्तीच्या परवान्याचे शस्त्र २०१२ नंतर पुन्हा म्यानाबाहेर निघालेले नाही. स्नायूंच्या एका आनुवंशिक दुर्बलतेवरील रिसडिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात होती. ते स्वस्त झाले ते २०२५ च्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाने रोश कंपनीची मागणी फेटाळल्यावर. भारतीय औषध १५,९०० रुपयांना आले. सरकारी यंत्रणेला जे करता आले असते ते पुन्हा न्यायालयातून, वर्षानुवर्षे झगडून, पदरात पडले. याच रोगावरील १६ कोटींच्या इंजेक्शनासाठी २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या आईबापांना जगभर हात पसरावे लागले होते. त्यावरचा कोट्यवधींचा कर सरकारने माफ केला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण ज्या घरात समाजमाध्यमांवर आवाहन लिहून देणारे कोणी नाही, त्या घरातल्या मुलाचे काय?

आता साहाय्याच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर पसरलेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कुटुंबामागची दीड लाखाची मर्यादा २०२४ च्या जुलैपासून पाच लाखांवर गेली आहे आणि शिधापत्रिकेचा रंगही आता आड येत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. हजारो शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार तिच्यामुळे पार पडले. पण तिची रचना उपचाराच्या ठरावीक संचावर बेतलेली आहे. संचात बसते ते मिळते. संचाबाहेरचे नवे औषध, रुग्णालयातून सुटल्यावर महिनोन्महिने घ्यावयाच्या गोळ्या, तपासण्या, गावापासून शहरापर्यंतच्या खेपा आणि सोबत्याची बुडालेली मजुरी ही कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. दुखणे लांबते तसा खर्च नेमका येथेच फुगत जातो.

या लेखाचे वाचक असलेल्या शिक्षकांची आणि कारकुनांची अवस्था थोडी निराळी आहे, पण सुखाची नाही. सरकारी व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते आणि कर्करोगाचा समावेश तिच्या गंभीर आजारांत आहे. परंतु प्रतिपूर्ती म्हणजे आधी खर्च आणि मागून बिल. पतपेढीचे कर्ज काढून औषध आणावयाचे, देयके जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पडताळणीला पाठवावयाची आणि अनुदान येण्याची वाट पाहावयाची. हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगणे नको. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला तर हेही नाही. मुकादमाची उचल आणि पतपेढीचे कर्ज यांत व्याजाचा व अप्रतिष्ठेचा फरक असेल. जात मात्र एकच.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखल्या पाहिजेत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढली पाहिजे, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आहे. पण ही मोठी रुग्णालये पुण्या-मुंबईत. बीडच्या रुग्णाला जवळ पडते ते बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय; ग्रामीण भागातल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये तेथेच सुरू झाली. नाही तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि अखेरीस परळचे टाटा. टाटाच्या वाऱ्या करणाऱ्यांना दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार किती मोठा आहे, हे त्यांनाच विचारावे. बीडला रेल्वे आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत पूर्वीपासून आहे. या शहराला तिचा उपयोग व्हावयाला इतकी वर्षे लागली.

वास्तविक जिल्ह्याच्या हाताशी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या गावातल्या योगेश्वरी विद्यालयात स्वामीजींनी एके काळी शिक्षक म्हणून काम केले, तेथेच त्यांच्या नावाचे हे रुग्णालय उभे आहे. मुंबईत निश्चित झालेले औषध दर महिन्याला येथेच मिळाले तर रुग्णाची निम्मी फरफट थांबेल. याला आधारही आहे. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधे खरेदी केली, तेव्हा दर २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत उतरले. अशा एकत्रित खरेदीचा लाभ जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत आणणे हे काही आकाशातले तारे तोडणे नव्हे. मात्र स्वस्ताईबरोबर परीक्षाही कडक हवी. याच रुग्णालयाला पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत मूळ औषधच नसल्याचे तपासणीत आढळून २०२४ च्या डिसेंबरात गुन्हा नोंदला गेला होता. स्वस्त औषधाविषयी लोकांच्या मनात जो संशय असतो, त्याला असल्या प्रकाराने खतपाणी मिळते आणि रुग्ण पुन्हा महाग बाटलीकडे वळतो.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी त्याला द्यावेत असे ठरले आहे. त्यातला काही भाग दीर्घ आजारांच्या औषधांसाठी वेगळा काढला तर उचलीच्या फासातून किती तरी घरे सुटतील. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दवाखान्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांच्या कात्रीत सापडलेले माणूस कोणता मार्ग पत्करते, ते या आकड्यांवरून दिसते.

तोवर एक काम मात्र कोणाच्या आदेशावाचून होण्याजोगे आहे. योजनेचा लाभ नाकारला जातो तेव्हा कारण पुष्कळदा क्षुल्लक असते: शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढविलेले नाही, आधारावरची जन्मतारीख जुळत नाही, आयुष्मान कार्ड काढलेलेच नाही. कुटुंब कोल्हापूरकडच्या फडात, कागद गावी पेटीत, आणि तारखेला रुग्णालयात दाखल व्हावयाचे असते. दिवाळीनंतर गाड्या भरण्यापूर्वी गावच्या शाळेत दोन दिवस बसून प्रत्येक घराचे हे कागद तपासता येतील, चुका तहसीलला पाठविता येतील आणि योजनेचा १५५३८८ हा विनामूल्य क्रमांक मुलांच्या वहीत लिहून देता येईल. शिक्षक आहेत, लिहिता हात असलेले विद्यार्थी आहेत, तलाठी कार्यालयातले कारकून आहेत; आणि गाड्या कोणत्या दिवशी निघणार ते साऱ्या गावाला ठाऊक असते.