फौजीच्या हातात पावतीपुस्तक

ग्रामीण डाक जीवन विम्यासाठी एजंट नेमण्याची जाहिरात डाक विभाग काढतो, तेव्हा अंगणवाडी सेविका, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांच्या रांगेत माजी सैनिकांचाही उल्लेख असतो. दहावी पास, 5000 रुपयांची अनामत बचतपत्रात, एक मुलाखत. एवढे झाले की कारगिल पाहून आलेला माणूस विमा विकायला मोकळा.

जवान बहुधा विशीच्या आत भरती होतो आणि पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. मुले शाळेत असतात, घराची डागडुजी राहिलेली असते आणि नुसते बसून राहायची सवय नसते. अण्णा हजारे यांनी आधी दादरला फुले विकली आणि मग सैन्यात जाऊन 1965 चे युद्ध पाहिले. बहुतेकांचा क्रम याच्या उलट असतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात अशा माणसाचे नाव मागे पडते आणि ‘फौजी’ एवढेच उरते. विक्रीच्या धंद्यात ही ओळख मोठी पुंजी असते. शहरातून आलेल्या एजंटाला लोक अंगणातच उभे ठेवतात, फौजीला मात्र ओट्यावर बसायला घोंगडी मिळते. पण बसल्या बसल्या पॉलिसी काढली तर काम फसते. आधी कापसाचा भाव, पपईवरचा रोग, मिरचीची तोडणी. मग घरातला पोरगा पुढे सरकतो. त्याला भरतीचे विचारायचे असते: 1600 मीटर किती वेळात काढायचे, छाती कशी फुगवायची, मेडिकलला कुठे अडकतात. हे सगळे फुकट. त्यातून वेळ उरला तर कारगिल. चांगला विक्रेता ती गोष्ट आखडती घेतो. ती रंगली की लोक उठताना फौजीला सलाम करतात आणि फॉर्म तसाच राहतो.

अडचण पुढे येते. फौजीने स्वतः विमा कधी ‘घेतलेला’च नसतो. लष्कराची समूह विमा योजना 1976 पासून आहे. पैसे पगारातून परस्पर कापले जातात, सहीसाठी कुणी मागे लागत नाही. तीच गोष्ट आता मजुराला पटवून द्यायची, तीही ‘घ्या ना दादा’ अशा सुरात. हुकूम घेण्याची आणि देण्याची सवय असलेल्या माणसाला हा सूर उशिरा सापडतो. काहींना तो सापडतच नाही आणि वर्षभरात पावतीपुस्तक कपाटात जाते.

डाक जीवन विमा 1 फेब्रुवारी 1884 रोजी टपाल कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला. त्याची ग्रामीण शाखा 24 मार्च 1995 ची. ग्राम सुरक्षा, ग्राम संतोष, ग्राम सुमंगल, दहा वर्षांची ग्राम प्रिया अशा तिच्या योजना आहेत आणि कमाल विमा 10 लाखांचा. कागदावर योजना सोयीची आहे, पण हप्त्याची तारीख आणि गावातल्या पैशाची तारीख जुळत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहिल्या तीन वर्षांत सहा हप्ते थकले की पॉलिसी बंद पडते. तोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो! म्हणून जाणता एजंट मजूर निघण्यापूर्वीच मुकादमाची उचल हातात आलेल्या माणसाकडून सहा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरून घेतो. विक्रीतले खरे कौशल्य मला इथे दिसते. बोलघेवडेपणा त्यापुढे किरकोळ.

मेहनतान्याचा हिशेब सांगण्यासारखा आहे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर 10 टक्के, पुढे अडीच टक्के. महिना 500 रुपयांची पॉलिसी असेल तर वर्षाला 600 रुपये, नंतर वर्षाला 150. मोटारसायकलच्या पेट्रोलचा खर्च यातूनच. पेन्शन दर महिन्याला येते म्हणूनच फौजीला हे परवडते. घाई नसल्यामुळे तो खोटे आश्वासनही सहसा देत नाही. ‘पाच वर्षांत दुप्पट’ असे सांगून गेलेला भामटा गाव विसरतो, पण फौजीला सकाळ-संध्याकाळ त्याच पारावरून जायचे असते. घरातला कर्ता गेला तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बँकेचे पासबुक गोळा करून तालुक्याला खेपा घालणाराही बहुधा तोच.

आता या गणितातला पेन्शनचा आकडाच गळणार आहे. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची, कायम केले जाणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, पेन्शन नाही. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होतात.