दुकानासाठी फिरता वीजसाठा : पैसे मोजण्यापूर्वी हिशेब मांडा

वीज गेली की पूर्वी दुकानदार कंदील लावून कापड मोजत असे. आता तेवढ्याने भागत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि हळूहळू गल्ल्याचा मोठा हिस्सा मोबाईलवर गेला. फोन बंद पडला, वायफाय गेले की तयार गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. आठवडी बाजारात किंवा सेलच्या मांडवात धंदा करणाऱ्यांची अडचण तर याहून मोठी. म्हणून बाजारात ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ या नावाने मिळणाऱ्या बॅटरीच्या पेट्यांची विचारणा वाढली आहे. पेटीत लिथियम बॅटरी असते, बाहेर यूएसबीची तोंडे आणि घरगुती प्लगची जागा असते. वस्तू कामाची आहे. मात्र पुठ्ठ्यावरचे मोठे आकडे पाहून घेतली तर पैसे वाया जातात.

दोन आकडे, दोन अर्थ

पहिला आकडा वॉट-तासांचा. ताग्यात एकूण किती मीटर कापड आहे, तसा हा एकूण साठा. दुसरा आकडा वॉटचा. एका वेळी किती वीज ओढता येईल, ते हा सांगतो. ३०० वॉट-तासांची पेटी म्हणजे विजेच्या बिलावरच्या एका युनिटचा तिसरा हिस्साही नव्हे, कारण एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. त्यावर हजार वॉटची इस्त्री चालवण्याची अपेक्षा ठेवू नये. ते काम या पेटीचे नाही.

काही विक्रेते वॉट-तास न सांगता मिलिअँपिअर-तास सांगतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. इथे सावध राहा. ९०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पेटीत ३.२ व्होल्टचे सेल असतील तर साठा २८८ वॉट-तास होतो. ८०,००० च्या पेटीत ३.७ व्होल्टचे सेल असतील तर तो २९६ होतो. म्हणजे मोठ्या आकड्याच्या पेटीत माल कमी! म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : वॉट-तास किती?

तुमची गरज किती?

समजा, चार तास वीज नाही. दोन मोबाईल पूर्ण चार्ज करायला सुमारे ५० वॉट-तास लागतील. १० वॉटच्या वायफाय राउटरला ४०, नऊ वॉटच्या दोन एलईडी दिव्यांना ७२ आणि लॅपटॉप एकदा चार्ज करायला ६०. बेरीज २२२. पण पेटीतला सगळा साठा हाती येत नाही, पंधरा-वीस टक्के वीज रूपांतरात उष्णता होऊन जाते. म्हणून २२२ ला ०.८ ने भागा. उत्तर येते साधारण २७८. अशा दुकानाला ३०० ची पेटी पुरे. वजन चार-पाच किलोच्या आसपास, एका हाताने उचलता येते.

पंखा जोडायचा असेल तर हिशेब बदलतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, म्हणजे चार तासांत एकटाच ३०० खातो. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस वॉटच्या आसपास पुरतात. पंखा किंवा शिलाई यंत्राची मोटर चालवायची असेल तर ‘प्युअर साइन वेव्ह’ अशीच पेटी घ्या. हलक्या प्रतीच्या विजेवर मोटर घरघरते आणि तापते. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वॉट ओढते, तेवढी सवड पेटीत हवी.

सेल कोणता?

आमच्या कापड धंद्यात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुकानात छतापर्यंत जळणारा मालच भरलेला असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) सेल जास्त उष्णता सहन करतो आणि सहसा दोन-तीन हजार वेळा चार्ज होतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट (एनएमसी) सेल वजनाने हलका, पण त्याचे आयुष्य बरेच कमी आणि बिघडला तर पेट घेण्याचा धोका जास्त. थोडे वजन वाढले तरी दुकानासाठी एलएफपीच घ्यावा. लिथियम सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी लागते. आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. ज्या मालावर क्रमांकच नाही, तो स्वस्त मिळाला तरी दुकानात आणू नये.

पेटी ताग्यांच्या रचाईत किंवा पोत्याखाली ठेवू नका. चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. रात्री शटर ओढल्यावर चार्जिंगला लावून जाऊ नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा चार्जिंग सकाळच्या गारव्यात उरकावे. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून ठेवावी.

वीज वाचवण्याच्या युक्त्या

मोबाईल थेट यूएसबीवर आणि राउटर जमत असेल तर १२ व्होल्टच्या तोंडावर लावा. प्लगचे बटण चालू राहिले तर पेटी काही न चालवताही वीज खात राहते. सौर पट्टी घेणार असाल तर १०० वॉटच्या पट्टीकडून प्रत्यक्षात ६०-७० वॉटच धरा. ३०० ची पेटी भरायला चांगले ऊन पाच तास तरी लागेल. विमानाने खरेदीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, १६० वॉट-तासांवरील बॅटरी प्रवासी सामानात नेता येत नाही.

इन्व्हर्टर की पेटी?

दुकान एकाच जागी असेल आणि पंखे-दिवे तासन्‌तास चालवायचे असतील तर साधा इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी अजूनही किफायती पडते. ज्याचा धंदा फिरता आहे किंवा ज्याला फक्त फोन, राउटर आणि दोन दिवे हवेत, त्याने ही पेटी घ्यावी. पक्के बिल घ्या, वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती कोणत्या गावात होते ते बिलावर लिहून घ्या. कापड घेताना आपण ताग्याचे टोक चुरगाळून पाहतो, तसे इथेही दुकानात उभे राहून आपला राउटर आणि फोन लावून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.