स्त्रियांचा मलावरोध आणि त्यांची दिनचर्या

सुशिक्षित घरांतून आज रक्तदाबाविषयी, मधुमेहाविषयी, फार काय मनाच्या उदासीनतेविषयीही मोकळेपणाने बोलले जाते. एक तक्रार मात्र अशी आहे की, ती सांगताना सांगणारी ओशाळते आणि ऐकणारा नाक मुरडतो. ती म्हणजे शौचास साफ न होणे. वैद्यकात हिला मलावरोध किंवा बद्धकोष्ठ असे म्हणतात. देशोदेशी झालेल्या पाहण्यांवरून ही तक्रार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळजवळ दुप्पट आढळते. तथापि घरच्या कर्त्या पुरुषाचे पोट सकाळी साफ झाले नाही, तर ती गोष्ट साऱ्या घराला कळते. गृहिणीला चार-चार दिवस त्रास होत असला तरी त्याची वार्ता स्वयंपाकघराबाहेर जात नाही. या मौनाचा आणि या विकाराचा संबंध वरवर वाटतो त्यापेक्षा फार निकटचा आहे.

प्रथम मलावरोध कशाला म्हणावे ते पाहिले पाहिजे. दररोज एकदा शौचास झालेच पाहिजे, ही समजूत सर्वांनाच लागू नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कोणतेही प्रमाण निरोगी माणसात असू शकते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ खड्यासारखा कठीण असणे, फार कुंथावे लागणे आणि होऊनही पोट मोकळे झाले नाही असे वाटत राहणे, ही या विकाराची लक्षणे होत. ती आठवडेच्या आठवडे टिकून राहिली, तर मलावरोध जडला असे समजावे.

आता शरीरातील व्यवस्था. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते आणि आपल्यात आलेल्या पातळ अवशेषातील पाणी शोषून घेणे हे त्याचे एक मुख्य काम होय. मळ तेथे जितका अधिक वेळ राहील, तितका तो अधिक कोरडा होतो. हा मळ पुढे ढकलणाऱ्या मोठ्या लाटा आतड्यात दिवसातून थोड्याच वेळा उठतात. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही अन्न गेल्यावर त्या विशेष जोराने येतात. सकाळच्या चहा-न्याहारीनंतर अनेकांना शौचाची भावना होते, तिचे कारण हेच. मळ गुदाशयात आला की त्याची भिंत ताणली जाते आणि तशी सूचना मेंदूला पोहोचते. त्या वेळी माणूस शौचास गेला तर काम सहज होते. न गेला तर भिंत सैल पडते, हाक विरून जाते आणि मळ तेथेच सुकत राहतो. असे वारंवार घडले म्हणजे गुदाशय ताणाला सरावतो आणि ती हाकच मंद होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मलवेगाचा समावेश आहे. आजच्या शरीरशास्त्राचा निष्कर्षही या बाबतीत निराळा नाही.

ही दृष्टी ठेवून पुण्यातील एखाद्या घराची सकाळ पाहावी. पेठांतील जुन्या वाड्यांतून अनेक बिऱ्हाडांना मिळून एक-दोन शौचकूप असत. कचेरीला जाणारे पुरुष आणि शाळेची मुले यांची पाळी आधी. घरच्या बायकांनी एक तर उजाडण्यापूर्वी उरकावे, नाही तर सर्वांचे आटोपेपर्यंत थांबावे, अशी रीत असे. पुढे वाडे पडले, सदनिका उभ्या राहिल्या, घरात दोन-दोन शौचालये आली. परंतु स्त्रीच्या वेळापत्रकातील पाळी काही बदलली नाही. डबे भरावयाचे, मुलांना शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचवावयाचे, सासूबाईंची औषधे द्यावयाची, आणि स्वतःचा चहा ओट्यापाशी उभ्यानेच घ्यावयाचा. त्या चहाने आतड्यात लाट उठते ती नेमकी तव्यावर पोळी असताना. पोळी करपू नये म्हणून हाक मागे सारली जाते. पुढे आठ-साडेआठला हिंजवडीची बस गाठावयाची असते, आणि ती हाक त्या दिवशी पुन्हा येईलच असा नेम नसतो.

घराबाहेरची अडचण याहून निराळी. लक्ष्मी रस्त्यावर किंवा मंडईत दोन-तीन तास काढावयाचे असले, की घरून निघतानाच पाणी न पिण्याची दक्षता कित्येक स्त्रिया घेतात. कारण वाटेत स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’ने याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये तिचा निकाल लागला आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना आखावी, असा आदेश राज्यातील महानगरपालिकांना मिळाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, जुन्या बसगाड्यांचे स्त्रियांच्या स्वच्छतागृहांत रूपांतर करणारा ‘ती’ हा उपक्रम शहरात सुरू झाला. पाणी कमी पिण्याने मूत्रमार्गाचे विकार होतात हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दिवसभर वेग अडवून धरण्याची तीच सवय आतड्यालाही लागते, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

स्त्रीदेहाची स्वतःची अशीही काही कारणे आहेत. मासिक चक्राच्या उत्तरार्धात आणि विशेषतः गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन नावाचा स्राव वाढतो, त्याने आतड्याची गती मंदावते. पांडुरोगासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या काही कॅल्शियमच्या गोळ्या मळ घट्ट करतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे हा विकार स्त्रियांतच अधिक, आणि मलावरोध हे त्याचे एक लक्षण होय. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर ताण येतो. काही स्त्रियांत हे स्नायू शौचाच्या वेळी सैल पडण्याऐवजी उलट आवळले जातात. अशा वेळी चूर्णांचा फारसा उपयोग होत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या स्नायूंना नवे वळण लावावे लागते.

या विकाराने जीव सहसा जात नाही. दिवस मात्र जातो. पोट जड राहते, भूक मरते, मळमळते, कामात मन लागत नाही. प्रवासाला किंवा लग्नकार्याला परक्या घरी जाणे नकोसे वाटते. कुंथून कुंथून मूळव्याध होते किंवा गुदद्वाराशी चीर पडते. मग वेदनेच्या भीतीने शौच आणखी लांबवले जाते आणि दुष्टचक्र सुरू होते. भरलेल्या गुदाशयाचा दाब मूत्राशयावर पडून वारंवार लघवीला जावे लागते. घरच्यांना दिसते ते एवढेच की, ‘हिची हल्ली चिडचिड फार वाढली आहे.’

येथे एका जुन्या भीतीचे निरसन करणे अवश्य आहे. साचलेल्या मळाचे विष रक्तात भिनून नाना रोग होतात, असे विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील मोठमोठे वैद्यही मानीत. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर याच समजुतीने अनेक रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. ते मत पुढे टिकले नाही. यास्तव दर आठवड्यास जुलाब घेऊन ‘कोठा धुऊन’ काढण्याचे काहीच कारण नाही.

उपायांत पहिला मान वेळेला आहे. सकाळी काही खाल्ल्या-प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दररोज त्याच सुमारास, शौचास जाऊन बसावे. झाले नाही तर दहा मिनिटांनी उठावे, जोर करू नये. दुसरा मान बसण्याच्या पद्धतीला. उकिडवे बसण्याने मळाचा मार्ग सरळ होतो; पाश्चात्त्य पद्धतीच्या भांड्यावर बसताना पायांखाली छोटा पाट घेऊन गुडघे कमरेहून उंच ठेवले आणि किंचित पुढे वाकले, तर तोच लाभ होतो.

तिसरी गोष्ट आहार. दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, पेरू आणि पुरंदरची अंजिरे यांतून तो सहज मिळतो. अडचण येते ती उपासांची. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपास घरात बहुधा स्त्रीच करते आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाते. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. उपास मोडण्याची गरज नाही. साबुदाण्याच्या जागी राजगिरा, रताळे आणि फळे घ्यावीत. चोथ्याबरोबर पाणीही पुरेसे हवे आणि रोजचे चालणेही हवे. एवढ्याने भागले नाही, तर इसबगोल पेलाभर पाण्यासह घ्यावा. पाणी कमी पडल्यास तो उलट अडतो. बाजारातील पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती प्रसंगोपात्त ठीक. नित्य घ्यावयाची तर डॉक्टरांना विचारूनच. गरोदर स्त्रियांनी एरंडेल किंवा कोणतेही रेचक स्वतःच्या मनाने घेऊ नये.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांत वेळ घालविण्यासारखी नसतात. मळातून रक्त जाणे, कारणावाचून वजन घटणे, रक्त कमी होणे, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणे, किंवा कुटुंबात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. ‘मूळव्याधच असेल’ असे म्हणून रक्ताकडे कानाडोळा केल्याने उपचाराची वेळ निघून जाते. पोट फुगून वांत्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या साऱ्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि तरीही दुर्मीळ असा उपाय म्हणजे सकाळचा पाव तास. तो स्त्रीने एकटीने ठरवून मिळत नाही. घरातील इतरांनी तो मोकळा करून द्यावा लागतो. डबा भरणे पतीला येते, तव्यावरची पोळी उलटणे मोठ्या मुलालाही येते. ज्या घरात तेवढा वेळ कोणीही न विचारता, न हसता तिच्यासाठी राखून ठेवला जाईल, त्या घरात पुष्कळदा चूर्णाच्या डबीची गरज लागणार नाही. आणि लागलीच, तर डॉक्टरांपुढे ही तक्रार मांडताना तिला संकोच वाटणार नाही.