सह्याद्रीतील गिरिभ्रमणाचे बूट

गिरिभ्रमणाचे बूट हे डोंगरवाटा चढण्या-उतरण्यासाठी बनवलेले, खोल खाचांच्या रबरी तळाचे पादत्राण होय. महाराष्ट्रात ते ‘ट्रेकिंग शूज’ या नावाने ओळखले जातात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा येऊरच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे, तर डोंबिवलीजवळील मानपाड्याहून मलंगगड जवळ पडतो. या परिसरातील दुर्गप्रेमी मलंगगड, माहुली, गोरखगड यांसारख्या किल्ल्यांवर जातात. अशा वाटांसाठी बूट निवडताना छाप वा किंमत यांपेक्षा तो पायात कसा बसतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

भूप्रदेश आणि बुटाचा तळ

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा आहे. उन्हाळ्यात वाटांवर सुटी माती व बारीक खडी यांचा घसारा असतो. पावसाळ्यात चिखल आणि शेवाळ येते. खोल व विरळ खाचांचा तळ चिखलात व घसाऱ्यावर रुततो. कोरड्या कातळावर मऊ रबर चांगले धरते, परंतु ते लवकर झिजते. ओल्या शेवाळावर मात्र कोणत्याही तळाचा भरवसा धरता येत नाही.

घोट्यापर्यंत उंच असलेले बूट जड ओझे घेऊन चालताना आधार देतात आणि दगडाच्या आघातापासून घोट्याचे रक्षण करतात. एका दिवसाच्या भटकंतीसाठी हलके, आखूड बूट पुरेसे होतात. जलरोधक अस्तर थंड प्रदेशात उपयुक्त असते. कोकणच्या पावसात ओढा ओलांडताना पाणी वरूनच आत शिरते व अस्तरामुळे बाहेर पडत नाही. म्हणून पाणी झटकन निथळणारा जाळीदार बूट येथे अनेकदा सोयीचा ठरतो.

माप व तपासणी

भारतात बुटांवर बहुधा ब्रिटिश क्रमांक असतो. या पद्धतीत एका क्रमांकाचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर, तर युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटर असतो. निरनिराळ्या उत्पादकांचे साचे भिन्न असल्याने केवळ क्रमांकावर विसंबू नये.

चालल्याने पाय किंचित सुजतात. त्यामुळे बूट संध्याकाळी, प्रत्यक्ष वापरायचे मोजे घालून पाहावेत. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात, म्हणून मोठ्या पावलाचे माप धरावे. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहिल्यास चवडा कडेबाहेर जातो का, हे कळते. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, मात्र चालताना टाच उचलली जाऊ नये.

खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना शरीराचा भार पुढे सरकतो आणि बूट आखूड किंवा सैल असल्यास बोटे पुढच्या टोकावर आपटत राहतात. नखाखाली रक्त साकळून नख काळे पडते, कधी गळूनही जाते. दुखऱ्या पायाने पाऊल चुकीचे पडते आणि अरुंद वाटेवर ते धोक्याचे असते. दुकानात उतरती फळी नसेल, तर जिन्यावरून अनेकदा उतरून पाहावे.

नाडी, मोजे व निगा

चढताना नाडी घोट्याकडे थोडी सैल ठेवता येते. उतरण्यापूर्वी टाच मागे सरकवून ती पुन्हा घट्ट बांधावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात व फोड आणतात, त्याऐवजी लोकरी किंवा कृत्रिम धाग्यांचे मोजे वापरावेत. नवे बूट आधी घराजवळ काही दिवस वापरावेत.

ओले बूट उन्हात वा शेकोटीजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. काही बुटांच्या तळातील पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ठिसूळ होतो. वरून नवा दिसणारा बूट वाटेतच तळ सोडतो, म्हणून बराच काळ न वापरलेला बूट निघण्यापूर्वी वाकवून व दाबून पाहावा.

बर्फावरील बुटांशी तुलना

स्कीवर चढून घसरत उतरण्यासाठीचे बूट वेगळे असतात. त्यांचे बाह्य कवच कठीण प्लास्टिकचे असून आत मऊ अस्तरबूट असतो. चढताना कवच घोट्याशी मोकळे ठेवतात, उतरताना ते जखडतात. त्यांचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून ठरते. अस्तर काढून बोटे कवचाच्या टोकाला टेकवल्यावर टाचेमागे साधारण १ ते २ सेंटिमीटर जागा राहावी, असा संकेत आहे. असे बूट पदभ्रमणाच्या बुटांपेक्षा घट्ट बसवले जातात. तथापि टाच स्थिर आणि बोटे मोकळी, हे तत्त्व दोन्हींत समान आहे.