पहिले बाळंतपण, पूर्वतयारी

पहिल्यांदाच गर्भवती झालेल्या स्त्रीस मराठीत ‘पहिलटकरीण’ म्हणतात. गर्भधारणा ध्यानात आल्यापासून प्रसूतीपर्यंत ती, तिचा पती व दोघांची घरे यांना जी सिद्धता करावी लागते, तिचे स्वरूप पुढच्या खेपांपेक्षा वेगळे असते. पहिल्या खेपेस शरीराला पूर्वानुभव नसतो, कळांचा काळ लांबतो आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांतील रूढीप्रमाणे हे बाळंतपण सासरी न होता माहेरी होते. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात (लोकसंख्या १८,३६,०८६, २०११) ही रूढी सर्व थरांत रुजलेली आहे. त्यामुळे येथील पूर्वतयारी ही मूलतः दोन गावांची तयारी असते. पहिले सहा-सात महिने एका गावात, नंतरचे दुसऱ्या गावात, आणि दोहोंमधील दुवा सांभाळण्याची जबाबदारी त्या तरुण जोडप्यावर, असा हा प्रकार आहे.

काळाची गणना : प्रसूतीचा अपेक्षित दिवस काढण्याची वैद्यकीय रीत सोपी आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळविले, की सु. २८० दिवस भरतात. घरोघरी मात्र ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे परिमाण चालते. ही मोजणी तिथीने केल्यास चांद्रमास सु. साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे बेरीज सु. २७५ दिवसांचीच होते. साहजिकच घरच्या हिशेबाने दिवस उलटले असे वाटून काळजी सुरू होते, तेव्हा रुग्णालयाच्या हिशेबाने पाच दिवस शिल्लक असतात. दोन्ही हिशेब अंदाजाचेच होत. ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती केव्हाही होऊ शकते आणि नेमक्या सांगितलेल्या दिवशी जन्मणारी मुले थोडीच. म्हणून तयारी त्या दिवसासाठी नव्हे, तर त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांसाठी पूर्ण असावी लागते. गर्भाची हालचाल पहिलटकरणीस साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास प्रथम जाणवते. पुढच्या खेपांत ती याहून लवकर ओळखता येते.

चालीरीती : धर्मशास्त्रात गर्भाशी निगडित असे पुंसवन, सीमंतोन्नयन इ. संस्कार सांगितलेले आहेत. लोकव्यवहारात त्यांची जागा मुख्यत्वे स्त्रियांनी चालविलेल्या रीतींनी घेतली. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता ‘चोरओटी’ भरतात. पुढे पाचव्या वा सातव्या महिन्यात ओटीभरण व डोहाळजेवण होते. हिरवे लुगडे किंवा साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर बसविणे व तिच्या आवडीचे पदार्थ करून घालणे हा त्याचा थाट असतो. पेढा व बर्फी झाकून ठेवून गर्भवतीस एक वाटी उघडावयास लावण्याचा आणि त्यावरून मुलगा की मुलगी ते ताडण्याचा खेळही चालतो. खेळ म्हणून तो निरुपद्रवी होय. मात्र तेच कुतूहल सोनोग्राफीच्या यंत्रापाशी नेणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबांत सातव्या महिन्यातील अशाच समारंभास ‘सतवासा’ म्हणतात व त्यानंतर मुलगी माहेरी येते. आठव्या महिन्यात प्रवास नको, अशी समजूत अनेक घरांत आढळते. म्हणून पाठवणी एक तर सातव्यात होते किंवा नववा लागल्यावर.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दाशी संबंधित आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली, असे म्हटले आहे. तिची इच्छा ही गर्भाचीही इच्छा असल्याने ती पुरवावी, असा त्यामागचा विचार. कालिदासाच्या रघुवंशातील सुदक्षिणेस माती खाण्याचे डोहाळे लागतात. माती, राख, पाटीवरची पेन्सिल वा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे आजही गर्भवतींत आढळते आणि त्याचा संबंध पुष्कळदा रक्तातील लोहाच्या कमतरतेशी असतो. असे डोहाळे पुरविण्याऐवजी रक्त तपासून घेणे इष्ट.

धर्मशास्त्राने गर्भिणीच्या पतीलाही नियम घालून दिले होते. पत्नीच्या गर्भारपणात, विशेषतः सातव्या महिन्यानंतर, त्याने क्षौर करू नये, तीर्थयात्रेस जाऊ नये, नावेत बसू नये, प्रेत वाहू नये, असे ते नियम. त्यांतील काहींचा व्यावहारिक परिणाम एवढाच, की तो घरापासून फार दूर जात नसे. पुढे हे नियम मागे पडले आणि बाळंतपण माहेरी होत असल्याने पतीचा भाग खर्च देण्यापुरता व बातमी आल्यावर पेढे वाटण्यापुरता उरला. वस्तुतः त्याने करावयाच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्या पाठवणीच्या आधी करावयाच्या आहेत.

दोन गावे, एक कार्ड : गर्भधारणेची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत करणे आवश्यक मानतात. ती बहुधा सासरच्या गावी आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका किंवा उपकेंद्रातील परिचारिका यांच्याकडे होते. त्या वेळी मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, रक्तगट, रक्तातील हीमोग्लोबिन, धनुर्वातप्रतिबंधक लस आणि पुढील तपासण्या लिहिल्या जातात. प्रसूतीपूर्वी किमान चार तपासण्या व्हाव्यात, अशी अपेक्षा असते. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याची योजनाही आहे. मुलगी माहेरी गेली, की सासरच्या आशाताईंच्या यादीत ती ‘बाहेरगावी’ होते आणि माहेरच्या यादीत तिचे नाव अद्याप आलेले नसते. नेमक्या शेवटच्या दोन महिन्यांत, जेव्हा तपासण्या सर्वांत महत्त्वाच्या असतात तेव्हा, ती दोन्ही वह्यांच्या मधोमध राहते. ओटीच्या सामानाबरोबर कार्ड व सर्व अहवाल पाठविणे आणि माहेरी पोहोचताच त्या आठवड्यात तेथील उपकेंद्रात नाव लावणे, हा यावरचा उपाय. साडी विसरली तर चालते, कार्ड विसरून चालत नाही.

हे मधोमध राहणे धोक्याचे का, याचे कारण पहिलटकरणीच्या शरीरातच आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून पुढे झटके येण्याचा विकार पहिल्या खेपेस अधिक आढळतो आणि तो बहुधा शेवटच्या तिमाहीत दिसू लागतो. चेहरा व हात सुजणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत. पावलांवरील थोडी सूज शेवटी शेवटी अनेकींना येते व ती साधी असू शकते. परंतु ‘पहिल्या खेपेला असे व्हायचेच’ म्हणून रक्तदाब न मोजता तिच्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप येणे व गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आईचा रक्तगट आरएच ऋण व पित्याचा धन असेल, तर २८ व्या आठवड्यात, आणि मूल आरएच धन असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागते. याकरिता पतीचाही रक्तगट कार्डावर असणे उपयोगी पडते.

आहार : परभणीकडचे रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी व मोसमी पालेभाजी, करडईची कोवळी पानेही भाजीस वापरतात. गर्भवतीस यात डाळ, भाजी, दूध व शक्य असल्यास अंडी यांची भर हवी. प्रत्यक्षात काही घरांत शेवटच्या महिन्यांत तिचे खाणे कमी करतात; मूल लहान राहिले की सुटका सोपी होते, असा समज त्यामागे असतो. त्याने मूल अशक्त होते व आईचेही रक्त कमी पडते. हीमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात आणि तो या भागात सर्रास आढळतो. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज लोह व फॉलिक अम्लाची एक गोळी देतात. चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, लिंबाबरोबर चांगले शोषले जाते. गोळीने शौचास काळे होते, हे आधी न सांगितल्यामुळे अनेकजणी ती घाबरून सोडतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह व जस्त अधिक आहे. रोज भाकरी खाणाऱ्या प्रदेशात या गोष्टीला महत्त्व आहे; मात्र अशी भाकरी गोळीला पर्याय नव्हे.

बाळंतिणीसाठीचे डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, बाळंतशेपा, ओवा यांची जमवाजमव माहेरी आठव्या महिन्यापासूनच सुरू होते. मुलासाठी मात्र जन्माआधी नवे काही घेत नाहीत, पाळणाही टांगत नाहीत. असे करणे अशुभ मानतात. जिथे पुष्कळ मुले जन्मतःच दगावत, तिथे हा संकेत रूढ झाला असावा. तयारी होते ती जुन्याची. आजीचे मऊ पडलेले लुगडे, आजोबांचे धोतर फाडून दुपटी व लंगोट करतात, वाकळ शिवतात, कुंची व टोपरे बारशाच्या सुमारास येते. जुने सुती कापड नव्यापेक्षा खरोखरच बरे. फक्त ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविलेले व वेगळे बांधून ठेवलेले असावे.

हंगाम व वय : जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, जिंतूर इ. भागांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे असंख्य जोडपी ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या व्यवसायात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर असते. पत्नीस दिवस गेले, की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पूर्णच राहते. त्यामुळे पहिलटकरीण फडावर राबत राहते. नोंदणी, तपासणी, गोळ्या या सर्वांत खंड पडतो. फडाजवळच्या आरोग्य केंद्रातही कार्ड दाखवून तपासणी होऊ शकते, हे जोडप्यास निघण्यापूर्वी सांगितले गेल्यास खंड टळतो. कळांचा काळ हंगामात येत असेल, तर तिने माहेरी राहणे व त्याने उचल त्या हिशेबाने घेणे, हा निर्णय दिवाळीआधीच करावा लागतो.

यापेक्षा अवघड प्रश्न वयाचा आहे. विवाहाचे किमान वय मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ असे १९७८ च्या दुरुस्तीने ठरले व २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने ते कायम ठेवले. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सु. ४८ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. हे प्रमाण महाराष्ट्रात सर्वाधिक होते. कोवळ्या वयात कटिराची वाढ अपुरी असते, स्वतःच्या वाढीसाठी लागणारे अन्न गर्भाशी वाटून घ्यावे लागते आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मण्याचा संभव वाढतो. अशा मुलीचे वय कार्डावर वाढवून सांगण्याकडे कल असतो. वय लपविल्याने जोखीम लपते आणि अधिक लक्ष पुरविण्याची गरज असलेली गर्भवती सामान्य यादीत जाते.

प्रसूतीचे स्थान : पूर्वी सुईण घरीच बाळंतपण करी. तिचे कौशल्य नाकारता येत नाही. परंतु रक्तस्राव थांबविणे व शस्त्रक्रिया या गोष्टी तिच्या हाती नव्हत्या, आणि नाळ कापण्याच्या अस्वच्छ साधनांमुळे नवजात मुले धनुर्वाताने दगावत. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. आता सर्वसाधारण रीत रुग्णालयात जाण्याची आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आईचे जेवण व नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य आहे. कोणते रुग्णालय, तेथे शस्त्रक्रिया होते का, नसल्यास पुढे कोठे, हे आधी विचारून ठेवावे लागते. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी सु. ४० किमी. आहे; आडगावाहून आधी तालुक्याचे ठिकाण गाठावयाचे असते आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा रुग्णवाहिकेस दाद देत नाहीत. आषाढ-श्रावणात दिवस भरणार असतील, तर आठवडाभर आधी पक्क्या रस्त्यावरील नातेवाइकाकडे येऊन राहणे शहाणपणाचे. १०८ व १०२ हे क्रमांक घरातील वृद्धांनाही पाठ असावेत, कारण कळा बहुधा पुरुष शेतात असताना किंवा रात्री सुरू होतात. पहिलटकरणीच्या कळा सु. १२ तास वा अधिक चालतात, म्हणून निघण्यास वेळ मिळतो. पण पाणमोट फुटल्यास कळांची वाट पाहू नये.

जन्मल्यावर तासाभरात मुलास अंगावर पाजावे. पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याची आणि मध वा गुळाचे पाणी चाटविण्याची चाल अजून आढळते. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असल्याने तो मुलास मिळालाच पाहिजे. याविषयी आजीशी बोलणे प्रसूतीआधीच झालेले बरे. प्रसूतिगृहाच्या दारात वाद घालण्याची ती वेळ नव्हे.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा व बाराव्या दिवशी बारसे होते. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत, ज्या ठिकाणी मूल जन्मले तेथेच, म्हणजे बहुधा माहेरच्या बाजूस करावी लागते. तिच्यात नाव नंतरही घालता येते. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळणाऱ्या ५,००० रुपयांचा दुसरा हप्ता ही नोंद व सुरुवातीचे लसीकरण झाल्यावर मिळतो. दीड महिन्याची लस बाळंतीण माहेरी असतानाच येते, अडीच महिन्यांची कधी माहेरी तर कधी सासरी. पाळणा, बाळंतविडा व आहेर घेऊन ती परत निघते, तेव्हा तेच कार्ड पुन्हा सामानात असावे लागते.