चार बाय तीन म्हणजे नक्की किती?

आज कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही, खिडकीच्या चौकटीबद्दल बोलणार आहे. पाचगणीच्या आसपासच्या गावांत, दांडेघर असो, गोडवली असो, राजपुरी असो, पाऊस उघडला की बांधकामं सुरू होतात आणि जूनच्या आत छप्पर घालायची घाई असते. त्या घाईत ही गोष्ट राहून जाते.

आमच्या गटातल्या एका ताईंचं घर चाललं होतं. चौकटींसाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं. अर्जावर मापं लिहायची होती, ती मीच लिहिली. खिडकी ४ बाय ३, नग दोन. त्याच कागदाची एक प्रत गवंड्याकडे गेली, एक सुताराकडे. गवंड्यानं भिंतीत ४ फूट रुंद जागा सोडली. सुतारानं ४ फूट हे आतल्या उजेडाचं माप धरलं आणि चौकटीचं लाकूड त्याच्या बाहेर घेतलं. त्याच्याकडचं लाकूड अडीच इंची, दोन्ही बाजूंचं मिळून पाच इंच. चौकट आली ५३ इंचांची आणि भिंतीत जागा ४८ इंचांची. दोघांचंही चुकलं नव्हतं. चुकला होता माझा कागद.

वरचं लिंटेल तोवर भरून झालं होतं. भिंत दोन्हीकडून तीन तीन इंच फोडावी लागली. लिंटेल दोन्ही बाजूंच्या भिंतीवर निदान सहा इंच टेकलेलं असावं लागतं. फोडल्यावर ते तीनच इंच टेकलं. पुढे त्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आणि पावसाळ्यात तिथूनच ओल आली. दोन दिवसांची मजुरी आणि सिमेंट ताईंच्या अंगावर पडलं, शिवाय चौकटीच्या कर्जाचा हप्ता होताच.

घरकुलाचं सगळं गणित आधीच तंग असतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, आणि मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार अशी ठरली. स्वयंपाकाची जागाही त्या २६९ फुटांतच. एवढ्या पैशात भिंत एकदा बांधायची, एकदा फोडायची आणि परत बांधायची हे कुणालाच परवडत नाही.

तर एका खिडकीची मापं तीन असतात. एक, भिंतीत सोडायची जागा. दुसरं, चौकटीचं बाहेरून बाहेर माप. तिसरं, चौकटीच्या आतून आत, म्हणजे जिथून उजेड येतो ते. चौकट बाहेरून ४८ इंच असेल आणि लाकूड अडीच इंची असेल, तर आतून ४३ इंच राहतात. चौकट मागाहून बसवायची असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा हवा, म्हणजे भिंतीतली जागा ४९ इंच. ‘चार फुटी खिडकी’ एकच, आणि आकडे ४९, ४८ आणि ४३! म्हणून कागदावर नुसता आकडा लिहू नका. ‘चौकट बाहेरून बाहेर, रुंदी ४८ इंच, उंची ३६ इंच’ असं अख्खं लिहा. रुंदी आणि उंची हे शब्दसुद्धा लिहा. ४ बाय ३ मध्ये आधी काय धरायचं यावरूनही भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

दुकानात तयार लोखंडी किंवा सिमेंटची चौकट घ्यायला गेलात तर तिथे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. ‘बाराशे म्हणजे चार फूटच की,’ असं दुकानदार सहज म्हणून जातो. पण चार फूट म्हणजे १२१९ मिलिमीटर. पाऊण इंचाचा फरक पडतो. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, आणि दाराच्या कामात एक सूतसुद्धा दिसतं.

आपल्याकडे बरेच गवंडी चौकट आधी उभी करतात आणि तिच्या कडेनं भिंत चढवतात. ही पद्धत मला आवडते, कारण मापाचा घोळ होत नाही. पण म्हणजे भिंत सुरू व्हायच्या आत चौकटी दारात येऊन पडलेल्या हव्यात. सुताराला पैसे शेवटी देऊ म्हणून चौकट लांबवली की सगळं उलटं होतं. चौकट उभी केली की ओळंबा दोन बाजूंनी लावायचा, समोरून आणि कडेनं. आत आडव्या पट्ट्या ठोकून ठेवायच्या, नाहीतर विटांच्या रेट्यानं चौकट मधे आत येते. वर ३९ इंच, खाली ३९, आणि मधे साडेअडतीस, मग दार बसणार कसं? लिंटेलचं काँक्रीट चौकटीच्या डोक्यावर पडणार असेल तर मधे खालून टेकू द्या. टेकू नसेल तर वरचं लाकूड वाकतं.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी घालणार असाल तर रीत वेगळी. तिचं माप प्लास्टर झाल्याशिवाय देऊच नका. आतल्या बाजूचं प्लास्टर साधारण अर्धा इंच, म्हणजे दोन्ही कडांचं मिळून एक इंच गेलाच. कडेनं दगडी पट्टी लावणार असाल तर आणखी जास्त. मग रुंदी तीन जागी मोजायची, वर, मधे आणि खाली. उंचीही तीन जागी. यातलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातून दोन्ही बाजूंना दोन दोन सूत सोडायचे. भिंत जांभ्याची असेल तर तीनऐवजी पाच जागी मोजा, चिरा कुठे पुढे आलेला असतो ते डोळ्याला कळत नाही.

कोन बरोबर आहे का, हे कर्णावरून कळतं. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. दोन्ही आकडे सारखे आले तर जागा काटकोनात. ४ बाय ३ फुटांच्या जागेचा कर्ण बरोबर ५ फूट येतो. शाळेत पायथागोरस पाठ केला होता, तो मला भिंतीपाशी उभी राहिल्यावर समजला.

दाराचं माप घेताना फरशी विसरू नका. जोत्यावर अजून मसाला आणि फरशी यायची असते, सगळं मिळून दोन ते तीन इंच. कच्च्या जमिनीपासून ७ फूट मोजलंत तर फरशी झाल्यावर पावणेसातच उरतील, आणि दार खाली घासायला लागलं म्हणून सुतार ते रंधून देईल. गवंड्याला विचारा, ‘तयार जमीन कुठे येणार?’ आणि पाण्याच्या नळीनं लेव्हल घेऊन भिंतीवर रेघ मारून घ्या. सगळ्या दारांची उंची त्या रेघेपासून मोजायची. रुंदीचं म्हणाल तर मुख्य दारातून खाट बाहेर निघते का ते बघा. म्हाताऱ्या माणसाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली की दाराची रुंदी आठवते. आपल्याकडे स्ट्रॉबेरीचे क्रेटही त्याच दारातून आत-बाहेर होतात.

पाचगणीचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून खिडकीच्या खालची सिल बाहेरच्या बाजूला उतरती हवी, भिंतीच्या थोडी पुढे यायला हवी आणि तिच्या पोटाला पाणी तोडणारी खाच हवी. या उतारात इंचभर उंची जाते. ती आधीच धरली नाही तर चौकट बसवण्यासाठी गवंडी उतारच काढून टाकतो आणि पाणी घरात येतं. लाकडी पल्ला जुलैत फुगतो हे तर घरोघरी माहीत आहे, तेव्हा पल्ला आणि चौकट यांत सूत-दीड सूत फट उन्हाळ्यात दिसली तर सुताराला बोल लावू नका. ओल्या लाकडाची चौकट मात्र घेऊ नका, ती वाळल्यावर पिळते आणि तुम्ही घेतलेलं माप फुकट जातं.

टेपचंही थोडं सांगते. गवंड्याची आणि सुताराची टेप एकमेकींशी जुळेलच असं नाही, म्हणून सगळी मापं एकाच टेपनं घ्या. टोकाचा आकडा थोडा हलतो तो मुद्दाम केलेला असतो, तो ठोकून घट्ट करू नका. वाकलेला असेल तर मात्र ती टेप बाजूला ठेवा. दोन भिंतींच्या मधलं माप घेताना डबी भिंतीला टेकते, तेव्हा डबीवर छापलेली तिची लांबी मिळवायला विसरू नका.

‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं,’ असं कुणीतरी म्हणेलच. मलाही म्हणाले. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं ताईंनी, आणि आकडा मोठ्यानं वाचला. गवंड्यानं तो ऐकला आणि दुसऱ्या खिडकीचं काम तिथेच थांबवलं. तिचं लिंटेल अजून भरायचं होतं, त्यामुळे ती वाचली.

आता चौकटीचं कर्ज मागायला कुणी आलं की आम्ही अर्जाबरोबर एक कागद घेतो. त्यावर प्रत्येक दार-खिडकीची तिन्ही मापं, दार कुठल्या बाजूला उघडणार ते, आणि खाली गवंडी, सुतार आणि घरमालकीण अशा तिघांच्या सह्या. पाच मीटरची टेप गटाच्या पेटीत ठेवली आहे. लागेल तिनं न्यावी, पण वहीत नाव लिहून, आणि चार दिवसांत परत आणावी. दुसरीचं लिंटेल भरायचं असतं.